मुंबई इंग्रजांकडे नक्की कधी आली: १६६१, १६६५ की १६६८?

गिरगावकट्टा:
सोसायटीच्या वाचनालयात मुंबईच्या सुरुवातीच्या इतिहासाचे फलक लावायचे आहेत आणि पहिल्याच फलकावर गाडी अडलीये. एका ठिकाणी १६६१ साली 'सात बेटं आंदण दिली' असं आहे, दुसरीकडे १६६५, तिसरीकडे १६६८. त्यात १६६५ ची तारीख कुठे ८ फेब्रुवारी, कुठे १८, आणि एका जुन्या इंग्रजी कागदाच्या छापील प्रतीत तर चक्क १६६४ साल. यातलं धरायचं काय? शिवाय एखादा फोटोही हवाय. फलकावर मजकूर चारच ओळींचा मावतो.

दप्तरखाना:
तिन्ही सालं बरोबर आहेत, घटना वेगवेगळ्या आहेत. १६६१ ला करार झाला, १६६५ ला प्रत्यक्ष ताबा मिळाला आणि १६६८ ला इंग्लंडच्या राजाने मुंबई ईस्ट इंडिया कंपनीला दिली.

करार लंडनचा, २३ जून १६६१. इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स आणि पोर्तुगीज राजकन्या ब्रागांझाची कॅथरीन यांच्या लग्नाचा. त्याच्या अकराव्या कलमात मुंबईचं 'बंदर आणि बेट' त्यावरच्या हक्क-उत्पन्नासह आणि तिथल्या प्रदेशासह दिलंय. सात बेटांची यादी त्यात नाही. सगळं भांडण इथूनच सुरू झालं. इंग्रज म्हणणार साष्टी (माहीमच्या खाडीपलीकडचं मोठं बेट) आणि ठाणं यातच आलं, पोर्तुगीज म्हणणार माहीमसुद्धा वेगळं.

सप्टेंबर १६६२ मध्ये अर्ल ऑफ मार्लबरोचं आरमार मुंबईत आलं. सोबत बेटाचा ताबा घ्यायला नेमलेला सर अब्राहम शिपमन आणि ४०० शिपाई. गोव्याचा पोर्तुगीज व्हाइसरॉय आंतोनियो द मेलो इ कास्त्रू याने शिपमनचं अधिकारपत्र रीतसर नाही असं सांगून बेट द्यायचं नाकारलं. आरमार परत गेलं आणि शिपमन शिपायांसह कारवारजवळच्या अंजदीव बेटावर अडकला. राहायची धड सोय नाही, डोक्यावर पावसाळा, वर रोगराई. एप्रिल १६६४ मध्ये शिपमन तिथेच वारला. ४०० पैकी जेमतेम शंभर माणसं उरली. हे अंजदीव फलकावरून नेहमी गळतं. तेवढं मात्र गाळू नका. करार आणि ताबा यांच्यात पावणेचार वर्षं का गेली याचं उत्तर तिथे आहे.

शिपमनने मरण्यापूर्वी आपला चिटणीस हम्फ्री कुक याला वारस नेमलं होतं. ती नेमणूक चालते की नाही यावर गोव्यात बराच खल झाला आणि अखेर जानेवारी १६६५ मध्ये अटी ठरल्या. अटी अशा की इंग्रजांच्या हाती जवळपास नुसतं बेट उरावं. पोर्तुगीज रहिवाशांच्या जमिनी आणि धर्म अबाधित, त्यांना जकात माफ, आणि साष्टीकडून पळून येणाऱ्या कुणबी-भंडाऱ्यांना थारा द्यायचा नाही, आले तर परत पाठवायचे. कसणारी माणसं गेली तर पलीकडची गावं ओस पडतील, ही व्हाइसरॉयची खरी धास्ती. लंडनने हा तह मानलाच नाही, पण ताबा तर मिळून गेला होता.

पंचांगवाला:
८ आणि १८ चं उत्तर कॅलेंडरात आहे. पोर्तुगीजांनी १५८२ मध्येच नवं ग्रेगरियन कॅलेंडर घेतलं. इंग्रज १७५२ पर्यंत जुन्यावरच होते. सतराव्या शतकात दोन्हींत १० दिवसांचं अंतर. शिवाय इंग्रजांचं सरकारी वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं, त्यामुळे फेब्रुवारी त्यांच्या हिशेबी मागच्याच सालात. म्हणून इंग्रजी कागदातला ८ फेब्रुवारी १६६४ म्हणजे पोर्तुगीज कागदातला १८ फेब्रुवारी १६६५. दिवस एकच.

फलकासाठी नियम: इंग्रजी तारखेत १० मिळवा, आणि ती १ जानेवारी ते २४ मार्चमधली असेल तर सालातही १ मिळवा. पण आधी कागद कोणाचा ते बघा. छापताना बऱ्याच संपादकांनी साल आधीच सुधारलेलं असतं, दिवस मात्र तसाच ठेवलेला असतो. अशा वेळी पुन्हा १ मिळवलात तर १६६६ वर जाल. जानेवारी १६६५ चा तह गोव्यातला, म्हणजे नव्या कॅलेंडराचाच, त्याला हात लावू नका. एका फलकावर एकच पद्धत ठेवा.

माहीमची_खाडी:
'सात बेटं आंदण' हे वाक्य काढूनच टाका. कुकला अटींप्रमाणे माहीम मिळालेलं नव्हतं. ओहोटीला मुंबईतून माहीमला चालत जाता येतं, मग ते वेगळं बेट कसं, असा युक्तिवाद करून त्याने ते नंतर बळकावलं. कुलाबा तर आणखी काही वर्षांनी हाती आला. आपण नेहमी बघतो तो सात बेटांचा सुबक नकाशाही पुढच्या काळात तयार केलेला, कराराला जोडलेला नव्हे.

आणि उपनगरवाल्यांनी रागावू नये, पण वांद्रे-अंधेरी या व्यवहारात नाहीतच. साष्टी पोर्तुगीजांकडेच राहिली, १७३७ मध्ये मराठ्यांनी घेतली, डिसेंबर १७७४ मध्ये इंग्रजांनी ठाण्यासह बळकावली आणि १७८२ च्या इंग्रज-मराठे सालबाईच्या तहाने ती त्यांच्याकडे कायम झाली. म्हणजे माहीमची खाडी ओलांडायला इंग्रजांना शंभरावर वर्षं लागली.

दप्तरखाना:
@माहीमची_खाडी सहमत. १६६८ बद्दल राहिलं. सनद २७ मार्च १६६८ ची. वर्षाला १० पौंड, सोन्यात, दर ३० सप्टेंबरला भरायचे. प्रत्यक्ष ताबा कंपनीने त्याच सप्टेंबरात घेतला. 'दहा पौंडांना मुंबई विकली' असं लिहितात ते चूक, हा वार्षिक खंड होता. राजाला हे बेट परवडत नव्हतं. शिबंदीचा (तिथल्या शिपायांचा) खर्च चालूच, आणि मुख्य भूमीकडून येणाऱ्या होड्यांवर ठाणे आणि उरणजवळचं करंजा इथे पोर्तुगीज जकात घेत, त्यामुळे व्यापार वाढेना.

सनदेत मजेशीर कलम असं की मुंबई 'ईस्ट ग्रीनिचच्या जहागिरीप्रमाणे' धारण करायची. ईस्ट ग्रीनिच तेव्हा इंग्लंडातल्या केंट परगण्यातलं! हा राजाच्या वकिलांचा ठरलेला मसुदा. अमेरिकेतल्या व्हर्जिनियाच्या १६०६ च्या सनदेतही हेच शब्द आहेत. वसाहत कुठलीही असो, कागद एकच.

गिरगावकट्टा:
आभार मंडळी, आंदणाचं वाक्य उडवलं. आता फोटोचं सांगा. ताबा दिला ती जागा आज कुठे? फोर्टात किल्ल्याची भिंत शिल्लक आहे ना?

बुरूज:
ती भिंत नको! सेंट जॉर्ज हॉस्पिटलच्या आवारात आहे ती फोर्ट जॉर्जची, अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातली. ताबा दिला गेला तो वाडा बेटाची मालकीण दोना इग्नेस द मिरांडा हिचा. त्याच्याभोवती पुढे बॉम्बे कॅसल उभा राहिला. ती जागा टाउन हॉलच्या मागे, नौदलाच्या आयएनएस आंग्रेच्या हद्दीत. वेशीचा दगडी दरवाजा अजून आहे, पण आत परवानगीशिवाय सोडत नाहीत आणि फोटोला मनाई. जुनं खोदचित्र वापरा, आणि त्याखाली ते चित्र कोणत्या सालचं आहे ते लिहा. नाहीतर १६६५ च्या मजकुराशेजारी शंभर वर्षांनंतरचा किल्ला जाऊन बसेल.