मामंजींची 1971 ची मेडल आता मिळतील का?

खानापूरची_सून
नमस्कार. मामंजी जंगी पलटणीत, म्हणजे 1 मराठात (मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पहिल्या बटालियनमध्ये) होते. 1971 ला आताच्या बांगलादेशातल्या जमालपूरच्या लढाईत होते. ते गेल्यापासून बंद असलेली ट्रंक परवा उघडली. डिस्चार्ज बुकात पूर्वी स्टार, संग्राम मेडल आणि 25व्या स्वातंत्र्य वर्धापनदिनाचं मेडल अशी नोंद आहे. ट्रंकेत मात्र एकही मेडल नाही. नुसती रिबनची पट्टी, टाके उसवलेली, मागं खाकी दोऱ्याची गाठ. सासूबाई म्हणतात, "दिलीच नाहीत वो त्यांना."
आता अर्ज कुठं करायचा, बेंगळूरला की मुंबईला? आणि गल्लीतली पोरं 26 जानेवारीला कमानीवर "वीरचक्र विजेते" म्हणून त्यांचं नाव लावणार आहेत. चालतं का?

कॅम्पवाला_सुभेदार
ताई, सासूबाईंचं खरं असणार. त्या काळात कित्येक जवान छातीवर नुसती रिबन लावून पेन्शनीत आले. मेडल काही हातात पडलं नाही.
बेंगळूर नको, मुंबई नको. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं रेकॉर्ड ऑफिस आपल्या बेळगावातच आहे. आर्मी नंबर, हुद्दा, डिस्चार्ज बुकाची नि पीपीओची (पेन्शनच्या आदेशाची) झेरॉक्स जोडून सासूबाईंच्या सहीनं अर्ज द्या. अर्जात "हरवली" असं चुकूनही लिहू नका, "मिळाली नाहीत" असंच लिहा. हरवली म्हटलं की पोलिसांतली नोंद आणा, डुप्लिकेटचे पैसे भरा, असं लांबण लागतं.
बाजारात तसलीच मेडल विकत मिळतात, ती घेऊ नका. खऱ्या मेडलच्या कडेवर जवानाचा नंबर नि नाव कोरलेलं असतं. विकतच्याची कड कोरी.
कमानीचं म्हणाल तर पोरांना आत्ताच थांबवा. वीरचक्र शत्रूसमोरच्या शौर्याला मिळतं, त्याची घोषणा गॅझेटमध्ये होते. पूर्वी स्टार 1971 ला पूर्वेच्या आघाडीवर सेवा केलेल्यांना मिळतो. त्यात कमीपणा कसला? जमालपूरच्या दक्षिणेला वाट अडवून बसली होती ती पलटण, रात्रभर हल्ले अंगावर घेतले आणि 11 डिसेंबरला सकाळी शत्रूनं हत्यारं टाकली. "1971 च्या युद्धातील सैनिक, पूर्वी स्टार" एवढंच लिहा. खोटं बिरूद लावलं तर उद्या कुणीतरी माजी सैनिकच येऊन सगळ्यांसमोर विचारील.

निपाणीकर_मास्तर
नावामागं काही लावायची हौस आपल्याकडं फारच. पद्मश्रीसुद्धा नावाला जोडून वापरता येत नाही, सुप्रीम कोर्टानं 1995 ला सांगितलंय. आमच्याकडं उलटी गत. आजोबा 1942 ला हिंडलग्याच्या जेलात होते, पण केंद्राच्या सन्मान पेन्शनला साधारण सहा महिन्यांची कैद लागते. थोडक्यात हुकलं.
सुभेदारसाहेब, या मेडलवर पैसे असतात का? एक एजंट मानधन मिळवून देतो म्हणून फिरतोय.

कॅम्पवाला_सुभेदार
परमवीर, महावीर, वीरचक्र अशा शौर्यपदकांना महिन्याचा भत्ता असतो. युद्धात भाग घेतल्याच्या मेडलला दमडी नाही. त्या एजंटाला चहासुद्धा पाजू नका.

खानापूरची_सून
पोरं जरा रुसली, पण बोर्ड बदलायला तयार झाली. एक अडचण उरली. पीपीओवर सासूबाईंचं नाव पार्वती, आधारवर पार्वतव्वा. आता?

कॅम्पवाला_सुभेदार
आपल्या भागात घरोघरी हेच. "पार्वती ऊर्फ पार्वतव्वा, दोन्ही नावं एकाच व्यक्तीची" असं प्रतिज्ञापत्र नोटरीकडून करून घ्या. मूळ प्रत अर्जाला, झेरॉक्स घरात. आणि डिस्चार्ज बुक मात्र कुणी कितीही मागितलं तरी हातचं सोडू नका.