थायलंडमधली नवरा शोधणारी भुतं
रात्री हडळ येऊन बिलगते, अंग हलवता येत नाही, असे अनुभव बरेच जण सांगतात आणि त्यावर 'सगळ्या थापा' असंही कुणी म्हणतं. ते मला पटत नाही. सांगणारा बहुतेक वेळा खरंच सांगत असतो. स्वप्नं पडतात त्या झोपेत मेंदू हातापायांचे स्नायू सैल करून ठेवतो. त्यातच जाग आली तर शरीर जखडलेलं आणि स्वप्न चालूच, असं थोडा वेळ होतं. शेजारी कुणीतरी आहे, छातीवर भार आहे, हे तेव्हा अगदी खरं वाटतं.

ईशान्य थायलंडचं प्रकरण मात्र याहून गंभीर आहे. १९९० च्या सुमारास तिथले धडधाकट तरुण झोपेत दगावत होते, सिंगापूरला मजुरीला गेलेलेसुद्धा. गावांत समजूत अशी, की विधवेचं भूत नवरा करायला पुरुष नेतं. मग भुताला चकवायला पुरुषांनी बायकांसारखी नखं रंगवली, घराबाहेर लाकडी लिंगं टांगली. १९९२ साली ब्रुगाडा या हृदयरोगतज्ज्ञ बंधूंनी हृदयाच्या विद्युत्प्रवाहातला एक दोष मांडला आणि या मृत्यूंचा त्याच्याशी संबंध पुढे स्पष्ट झाला. ईसीजीत तो दिसू शकतो. धोका जास्त असेल तर छातीत डिफिब्रिलेटर, म्हणजे बिघडलेले ठोके विजेच्या झटक्याने ताळ्यावर आणणारं यंत्र, बसवून माणूस वाचवता येतो.

म्हणून कळकळीने सांगतो, घरात कुणी तरुण असा झोपेत अचानक गेला असेल तर मांत्रिकाच्या नादी लागू नका. आईवडील, भावंडं, मुलं, सगळ्यांना हृदयरोगतज्ज्ञाकडे न्या, कारण हा दोष आनुवंशिक असू शकतो.