मदत हवी आहे: जोसेफ नीडहॅम यांच्यावरचा लेख अडलाय

नमस्कार मंडळी,

विज्ञानाचे इतिहासकार जोसेफ नीडहॅम (१९००-१९९५) यांच्यावर एक दीर्घ लेख लिहितोय. माणूस मुळात केंब्रिजचा जीवरसायनशास्त्रज्ञ. १९३७ साली लू ग्वेइ-जेन आणि आणखी काही चिनी संशोधक तिथे आले, त्यांच्या सहवासात नीडहॅम चिनी भाषा शिकले, आणि पुढचं सगळं आयुष्यच त्या दिशेला वळलं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात चीनच्या तेव्हाच्या राजधानीत, चुंगकिंगला राहून त्यांनी चिनी शास्त्रज्ञांना पुस्तकं, उपकरणं पोहोचवली, देशभर फिरून जुने ग्रंथ जमवले. चीनमधल्या विज्ञानाच्या इतिहासाचा त्यांचा पहिला खंड १९५४ साली आला. युनेस्कोतल्या त्यांच्या कामाचा काळ मी दोन ओळींत उरकणार आहे.

गाडी अडलीय ती १९५२पाशी. कोरियन युद्धात अमेरिकेने जंतुअस्त्रं वापरली, या आरोपाच्या चौकशी समितीत ते होते आणि समितीने आरोप उचलून धरला. यामुळे अमेरिकेची दारं त्यांना बरीच वर्षं बंद राहिली. हे टाळून लिहिणं मला अप्रामाणिक वाटतं. पण याला किती जागा द्यावी? तुम्ही चरित्रलेखन केलं असेल तर असा वादग्रस्त भाग कसा हाताळलात?

दुसरं म्हणजे, चीन विज्ञानात इतका पुढे असूनही आधुनिक विज्ञान तिथे न जन्मता युरोपात का जन्मलं, या त्यांच्या प्रश्नावर झालेली टीका सोप्या भाषेत कुठे वाचायला मिळेल? मराठीत काही असेल तर फारच उत्तम.

लू ग्वेइ-जेन यांच्या स्वतंत्र कामाबद्दलही कृपया सुचवा. त्यांना नुसतं ‘सहकारी’ म्हणून सोडून द्यायचं नाहीये.