'डेमन'ला मराठीत काय म्हणावं?

संत्राबाग : वरूडकडच्या आमच्या गावातल्या पोरांसाठी लिनक्सच्या मराठी टिपा लिहितेय. बागेत रास्पबेरी पाय नावाचा लिनक्सवर चालणारा छोटा कॉम्प्युटर आहे, त्यावरची स्क्रिप्ट (छोटा प्रोग्राम) दर 10 मिनिटांनी जमिनीतली ओल नोंदवते. लाइन गेली की सगळंच बंद. परत आली की पाय उठतो, स्क्रिप्ट उठत नाही. म्हणून सिस्टमडीची, म्हणजे लिनक्सवर प्रोग्राम सुरू-बंद करणाऱ्या व्यवस्थेची, युनिट फाइल केली; कोणता प्रोग्राम कसा चालवायचा ते तिच्यात लिहितात. असा पडद्यामागे चालत राहणारा प्रोग्राम म्हणजे डेमन. टिपांत त्याला 'सेवा' लिहिलं, तर एक पोरगा म्हणाला, "ताई, हे सेवा केंद्रात भेटते का?" शिवाय 'स्टार्ट' (आत्ता सुरू) आणि 'एनेबल' (पाय उठला की दर वेळी आपोआप सुरू) दोन्हींना मी 'चालू करणे' लिहिलं. पोरांनी नुसतं स्टार्ट केलं, रात्री लाइन जाऊन आली, सकाळी नोंदी कोऱ्या. चूक माझ्या शब्दाची. सुचवा.

वऱ्हाडी_गडी : ताई, सालदार म्हना. रोजदाराले रोज सकाळी बलवा लागते. सालदार पाडव्याले ठरला का सालभर सोताहून उठते, ढोराले चारा टाकते. एनेबल म्हंजे साल ठरवनं, स्टार्ट म्हंजे आज कामाले लावनं.

तिफण : माझे आजोबा सालदार होते. उचल फिटेपर्यंत सुटका नव्हती, तापातही उठावं लागायचं. भाऊ, जुळणी चोख आहे, म्हणूनच मला तो शब्द नको. 'जागल्या' घ्या. रात्रभर मचाणावर असतो, दिसत नाही, डुक्कर आलं की हाळी देतो.

शब्दवेडा : जागल्या नुसता राखतो, नोंदी घेत नाही. 'पार्श्वसेवक' करा, सगळ्या महाराष्ट्राला कळेल. आणि डेमन म्हणजे राक्षस नव्हे. 1963 च्या सुमारास अमेरिकेतल्या एमआयटीच्या 'प्रोजेक्ट मॅक' या संगणक प्रकल्पातल्या मंडळींनी तो शब्द भौतिकशास्त्रज्ञ मॅक्सवेलच्या कल्पनेतल्या, रेणू निवडत बसणाऱ्या डेमनवरून घेतला. मूळ ग्रीक 'डायमॉन', देव आणि माणूस यांच्या मधला. एसएसएचडी, क्रॉनडी या लिनक्सवरच्या प्रोग्रामांच्या नावांच्या शेपटीचा 'डी' तोच.

तिफण : मग तो धुऱ्यावरचा म्हसोबाच की! आजी पेरणीआधी नारळ फोडायची. दिसत नाही, शेत राखतो. पार्श्वसेवक आमच्या गावात कोण बोलेल, सर?

डीपीवाला : शब्द आपल्याकडे आहेच. मोटर 'ऑटोवर टाकली' म्हणतो ना? लाइन आली की आपोआप सुरू. हेच एनेबल. स्क्रिप्ट ऑटोवर टाका. मोटर मात्र टाकू नका, हात जोडून सांगतो. लाइन येताच साऱ्या मोटरी एकदम ओढतात अन् डीपी (ट्रान्सफॉर्मर) जळते. मागच्या रब्बीत आमचा हरभरा त्यातच वाळला.

वऱ्हाडी_गडी : ऑटो नसन तं रात्री 2 वाजता थ्री फेज आल्यावर वावरात कोन जाईन? साप-इच्चू तुमी पाहान काय?

संत्राबाग : 'ऑटोवर टाकणे' एनेबलसाठी घेतला. पण स्क्रिप्ट मधेच कोसळली तर तिला उठवणारी 'रीस्टार्ट'ची ओळ वेगळी असते, तिला काय म्हणू? आणि मूळ डेमनचं काय?

शब्दवेडा : आधी 'लाइन' तर काढा. 'वीज' लिहा.

वऱ्हाडी_गडी : वीज आभाळातून पडते, सर. तारेतून येते थे लाइन.