अनुभव धागा: मूल सांगत नाही, तेव्हा आपल्याला कशावरून कळले?

घरातील किंवा वर्गातील मुलाच्या मनावर ताण आहे हे आपल्याला कशावरून कळले आणि पुढे आपण काय केले, ते येथे लिहावे, अशी सीमाभागातील पालक-शिक्षकांना विनंती आहे. आपले चुकले असेल तर तेही लिहावे. मुलाचे व शाळेचे नाव मात्र देऊ नये. सुरुवात मीच करते.

बेळगावात राहायचे तर कन्नड यायलाच हवे, या विचाराने आम्ही मुलीला पाचवीत मराठी शाळेतून काढून कन्नड माध्यमात घातले. दोन महिन्यांतच दर रविवारी रात्री तिचे पोट दुखू लागले. तपासण्यांत काही निघाले नाही, तेव्हा मी तिला “नाटकं पुरे” असे म्हणाले, याचे मला आजही वाईट वाटते. एके संध्याकाळी दप्तर आवरताना पाण्याची बाटली सकाळी भरून दिली तशीच काठोकाठ भरलेली दिसली. “काय झालं?” असे रोज विचारून उत्तर मिळत नव्हते, त्या दिवशी काही न विचारता मी तिला मेथी निवडायला शेजारी बसवले आणि अर्धी जुडी झाल्यावर तिनेच सांगितले, की लघवीला जाण्याची परवानगी कन्नडमध्ये मागता येत नाही, म्हणून ती दिवसभर पाणीच पीत नाही. वर्गशिक्षिकेशी बोलून नुसते बोट वर करण्याची खूण ठरवली. पोटदुखी पूर्ण थांबायला मात्र दिवाळी उजाडली.

— एक आई, बेळगाव

२०१९ च्या ऑगस्टमधील महापुरात वेदगंगेचे पाणी आमच्या घरात शिरले होते. त्यानंतर सात वर्षांचा नातू पुन्हा अंथरूण ओले करू लागला आणि पावसाची सर आली की दप्तर माळ्यावर नेऊन ठेवू लागला. आम्ही हसलो. “आज्जी, पाणी आलं तर पुस्तकं भिजतील की,” असे तो म्हणाला, तेव्हा हसू थांबले. “घाबरू नको” असे सांगून उपयोग होत नव्हता, म्हणून रेशनकार्ड आणि उताऱ्यांची पिशवी प्लॅस्टिकमध्ये बांधून वर ठेवण्याचे काम आम्ही त्याच्यावरच सोपवले. हाताला काम मिळाल्यावर त्याची झोप हळूहळू सुधारली.

— एक आजी, निपाणी तालुका

मी खानापूर तालुक्यात दहावीला शिकवते. गुणी, शांत मुलीकडे आपले लक्ष जात नाही, हा माझाही दोष होता. अशाच एका मुलीने आपली कंपासपेटी आणि आवडता रुमाल मैत्रिणींना देऊन टाकला, आणि “मला आता लागणार नाही” हे तिचे वाक्य माझ्या कानावर आले. मधल्या सुट्टीत तिला एकटीला बोलावून मी स्पष्ट विचारले, “जीव द्यावासा वाटतो का?” असे विचारल्याने तो विचार मुलाच्या डोक्यात शिरतो, ही समजूत चुकीची आहे, उलट ती रडली आणि बोलली. हे कोणालाही सांगणार नाही, असे वचन मी दिले नाही. घरचे येईपर्यंत तिला एकटे सोडले नाही, टेली-मानस या सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर फोन केला, आणि “तिला काय वेड लागलंय का, बाई?” असे विचारणाऱ्या तिच्या वडिलांना समजावून दुसऱ्याच दिवशी धारवाडच्या मानसिक आरोग्य संस्थेत पाठवले. ती आता पुढे शिकत आहे. मुलांसाठीचा १०९८ हा हेल्पलाइन क्रमांकही प्रत्येक वर्गात लिहिलेला असावा.

— एक शिक्षिका

माझा मुलगा रडला नाही, चिडत राहिला; वस्तू फेकायचा, आणि मी त्याला मारायचो. मुलांचे दुःख पुष्कळदा रागाच्या रूपाने बाहेर पडते, हे मला समुपदेशकांकडून उशिरा कळले. वर्गात त्याच्या बोलण्याची टर उडवली जात होती. मी त्याची माफी मागितली, तरी तो लगेच मोकळा झाला नाही. परवा स्कूटरवर मागे बसल्यावर त्याने स्वतःहून वर्गातील एका मुलाचे नाव घेतले. मी मागे न वळता गाडी थोडी हळू केली.

— एक वडील, बेळगाव