सणाचं जेवण, दोन घरांची माणसं: बसवायचं कसं?

प्रश्न: कोविडची साथ चालू आहे. दोन घरांतली आठ माणसं एकत्र जेवणार, त्यात दोघं सत्तरीपुढची. अंगण नाही, हॉलला समोरासमोर दोन खिडक्या आहेत. काय सांभाळावं?

प्रतिसाद १: धोका ताटात कमी, हवेत जास्त. जेवताना मास्क निघतो आणि गप्पाही तेव्हाच रंगतात. दोन्ही खिडक्या पाहुणे यायच्या आधीपासून उघड्या ठेवा. एकीत टेबलफॅन बाहेर तोंड करून लावा; आतली हवा बाहेर जाते, समोरून ताजी येते. छताचा पंखा नुसता तीच हवा घुसळतो. ज्येष्ठांना ताजी हवा येते त्या खिडकीपाशी बसवा, फॅनच्या बाजूला नको. घराप्रमाणे वेगवेगळी टेबलं असली तर उत्तम.

प्रतिसाद २: अँटिजेन टेस्ट निघण्यापूर्वी करा, आदल्या दिवशीची नको. निगेटिव्ह आली तरी ताप-खोकला असेल तर घरीच थांबायचं. इथे भिडस्तपणा नडतो.

प्रतिसाद ३: वाढायला एकच जण, मास्क लावून. गरम पदार्थ ६० अंश सेल्सिअसच्या वर ठेवा, नाहीतर २ तासांच्या आत फ्रिजमध्ये. उरलेलं उथळ डब्यांत काढा. खोल पातेल्यात मधला भाग तासन्‌तास कोमट राहतो आणि जंतू तिथेच वाढतात.