लग्नाच्या फोटोंसाठी लॅपटॉप: गेमिंग घेऊ की मॅक? बजेट १ लाख

कृष्णाकाठ_फोटो:
मंडळी नमस्कार. सांगलीत लग्नं, बारशी, डोहाळजेवणं अशा ऑर्डरी घेतो. सध्याचा लॅपटॉप २०१८ चा, आय ५ आठवी जनरेशन, ८ जीबी रॅम आणि जुनी हार्ड डिस्क. लाईटरूम (फोटो एडिट करायचं सॉफ्टवेअर) लावून चहा पिऊन आलो तरी अजून लोगोच दिसतोय. तुळशीचं लग्न झालं की सीझन चालू, एका लग्नाचे ३ हजार रॉ (कॅमेऱ्यातल्या मूळ मोठ्या फाइली) येतात आणि हॉलमधले कमी उजेडातले, आयएसओ ६४०० वाले डीनॉईजला (फोटोतले दाणे काढायला) लावले की एकेका फोटोला दहा-बारा मिनिटं, रात्री लावून झोपतो नि सकाळी बघतो तर हँग. दुकानदार म्हणतो गेमिंगवाला घ्या डोळे झाकून, भाचा म्हणतो मामा मॅकच घे. काय करू?

रात्रपाळी_एडिटर:
दादा, लाईटरूममध्ये एआय डीनॉईज २०२३ ला आलं, ते सगळं ग्राफिक्स कार्डावर चालतं. तुमच्यात कार्डच नाही म्हणून तो रडतोय. माझ्याकडे आरटीएक्स ४०६०, ८ जीबीवाला आहे, २४ मेगापिक्सलची फाइल वीसेक सेकंदात निघते. कार्डाची मेमरी ८ जीबी बघा, ६ वर पण चालतं पण अडखळतं. रॅम १६ घ्या पण दोन स्लॉट आहेत का ते विचारून घ्या, पुढे अजून १६ ची काडी टाकता येते. एक मात्र, हे लॅपटॉप बॅटरीवर निम्मा पण जोर लावत नाहीत आणि अडॅप्टर विटेएवढा असतो, कार्यालयात बसून एडिट करणार असाल तर तो पण पिशवीत धरा.

लेन्सवाली:
कार्ड-बिर्ड ठीक आहे हो, पण स्क्रीनचं कोणी बोललंच नाही. मी हीच चूक केलीय म्हणून सांगते. मागच्याच्या मागच्या वर्षी असाच गेमिंग लॅपटॉप घेतला, डब्यावर फुल एचडी आयपीएस १४४ हर्ट्झ, मी खूश. नंतर कळलं पॅनल ४५ टक्के एनटीएससीचा (रंग मोजायचं एक जुनं माप), म्हणजे एसआरजीबीचे, फोटोसाठी नेहमी धरतात त्या रंगांचे, जेमतेम ६०-६५ टक्के रंग दिसतात. नवरीची पैठणी गर्द जांभळी, काठ मोरपंखी. स्क्रीनवर सगळं फिकं दिसायचं म्हणून मी सॅच्युरेशन वाढवत गेले आणि अल्बम आला तो पैठणी शाईत बुडवल्यासारखी नि हळदीत सगळ्यांना कावीळ. ४० पानं परत छापली, पैसे माझ्या खिशातून. तेव्हा १०० टक्के एसआरजीबी असं लिहिलेलं दाखवा म्हणायचं, नाही दाखवलं तर पुढचं दुकान. आणि एडिट करताना ब्राइटनेस फुल ठेवू नका, नाहीतर प्रिंट काळपट येते मग आपण लॅबवाल्याशी भांडतो. कॅलिब्रेटर (स्क्रीनचे रंग जुळवायचं यंत्र) तीन-चार जणांत मिळून घेतलात तरी चालतो.

सफरचंदप्रेमी:
भाचा अगदीच चुकीचा नाहीये 😀 मॅकबुक एअर एम ४, १६ जीबी रॅम नि २५६ जीबी स्टोरेजवाला, २०२५ मध्ये लाँचला ९९,९०० ला होता, ऑफरमध्ये कमी पण व्हायचा. स्क्रीनची कटकट नाही, लाइट गेली तरी स्पीड तोच. पण पंखा नाही, हजार फोटो एक्सपोर्टला लावले की तापून हळू होतो, आणि रॅम नंतर वाढतच नाही. २५६ चं गणित पण करा, रॉ २५-३० एमबीचा धरला तरी तुमचं एक लग्न ७५-९० जीबी. बाहेरची एसएसडी घ्यावीच लागणार. डीनॉईज एवढं करत असाल तर गेमिंगच बरा, मॅकवाला असून सांगतोय.

रात्रपाळी_एडिटर:
आणि नवा येईपर्यंत लाईटरूममध्ये स्मार्ट प्रीव्ह्यू (रॉच्या छोट्या हलक्या कॉपी) बनवून त्यावर एडिट करा ना. जुन्या मशीनवर पण स्लायडर बरे सरकतात. कॅटलॉग (लाईटरूमची सगळ्या एडिटची नोंद ठेवणारी फाइल) तरी हार्ड डिस्कवरून काढा आधी, ५०० जीबीची साधी एसएसडी टाकलीत तरी जीव येईल त्यात.

कृष्णाकाठ_फोटो:
सगळ्यांचे आभार. ताई तुमचं वाचून काल पेनड्राइव्हमध्ये पैठणीचा एक फोटो आणि त्याचीच प्रिंट घेऊन गेलो दुकानात. चार लॅपटॉपवर लावून बघितला, दोनांवर जांभळा चक्क निळा दिसत होता आणि त्यातला एक दुकानदाराने डोळे झाकून घ्या म्हटलेला तोच. ४०६० वाला एक आवडलाय, पॅनल १०० टक्के लिहिलंय, ९४ हजार म्हणतोय. रॅमच्या स्लॉटचं विचारलं तर म्हणाला खोलल्याशिवाय सांगता येणार नाही, मॉडेल नंबर घेऊन आलोय, खाली टाकतो, कोणाकडे असेल तर सांगा.